दौलतरावांची मोजणी

बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये दौलतराव गावंडे खिडकीची जागा पकडून बसले होते आणि वावरं पाहत होते. कापसाच्या पऱ्हाट्या उपटल्या का, वावर नांगरलं का, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. ते धुरे पाहत होते. दोन वावरांच्या मधल्या बांधाला आमच्या वऱ्हाडात धुरा म्हणतात. धुरा सरळ दिसला की दौलतराव तोंड फिरवायचे. वाकडा दिसला की माझ्या मांडीवर थाप पडायची.

"पाय, पाय मनोहर. कसा पोट काढून बसला थो धुरा. आज्यानं सरकवला असन, बाप भांडला असन, आता नातू कोर्टात जाईन. वकिलाच्या घरची चूल पेटती ठेवते असा धुरा."

मी पाहायचो. मला उन्हात भाजलेली मातीची एक रांग दिसायची. गाडी तापलेली, घसा कोरडा, आणि मांडीवर थापा चालूच.

दौलतराव अमरावतीला आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. जमीन मोजणीच्या खात्यात सगळी हयात गेलेली. खात्यानं त्यांना निवृत्त केलं, पण मोजणीतून ते काही निवृत्त झाले नाहीत. काहीही विचारा, ‘मोजून सांगतो’ हे उत्तर ठरलेलं. आई वाटीभर भाजी घेऊन दारात उभी राहिली तरी, "मोजून सांगतो वयनी," म्हणून आत जायचे आणि टोपल्यातल्या पोळ्या पाहून मग भाजी घ्यायचे.

एकदा गल्लीत लग्न होतं. वऱ्हाड दारात आलेलं, लोकांच्या हातात अक्षता. दौलतरावांनी सहज मांडवावरून नजर फिरवली, चार ढांगा टाकल्या आणि मांडवाचा कोपऱ्यातला खांब शेजाऱ्याच्या हद्दीत असल्याचं जाहीर केलं. ते दोघं शेजारी जन्मात कधी भांडले नव्हते. त्या दिवशी भांडले. नवरदेव घोड्यावर ताटकळला, घोडं कंटाळून खाली बसायच्या बेतात आलं. दौलतरावांना याचं काही वाटलं नाही. "भांडण लावाले नाई आलो म्या. जे हाये थे सांगतलं," एवढं बोलून ते पंगतीला बसले. तेव्हापासून आमच्या गल्लीत मांडव घालणारा माणूस आधी दौलतरावांकडे येऊन, बाहेरगावी कुठं जायचा विचार आहे का, अशी प्रेमानं चौकशी करायचा.

घरात ते एकटेच. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सोबतीला चंद्री नावाची म्हैस होती. त्या उन्हाळ्यात त्यांची कंबर धरली, बादल्या उचलवेनात, म्हणून चंद्रीला नांदगाव खंडेश्वरला पुतण्याकडे पोचवून आले. पहाटे उठून रिकाम्या गोठ्यात जायची सवय मात्र गेली नाही. "सरक चंद्रे," असं म्हणत ते शेण नसलेली जागा झाडायचे. तिच्या आंबोणासाठी आणलेलं सरकीचं अर्धं पोतं मागं राहिलं होतं. त्याच आठवड्यात मला शिष्यवृत्ती मिळाल्याचं कळलं. हे दोन योग एकत्र आले नसते, तर माझा तो उन्हाळा बराच सुखात गेला असता.

मी नुकताच बी.ए. झालो होतो आणि मला वकील व्हायचं होतं. वडील नव्हते. आईच्या शिवणाच्या मशीनवर घर चालायचं. नागपूरच्या एका लॉ कॉलेजनं फी माफ केली आणि वसतिगृहात राहायची-जेवायची सोय देऊ केली. आईनं गल्लीत वाटायला गूळ काढला. दौलतरावांनी तिचा हात धरायचा तेवढा बाकी ठेवला.

"थांबा वयनी. गूळ ठेवा डब्यात. अजून मोजणी झाली नाई."

मग ते मूठभर सरकी घेऊन आमच्या ओट्यावर बसले. डावीकडे नागपूर, उजवीकडे अकोला. अकोल्यात तेव्हा वकिलीचं कॉलेज नवीनच निघालं होतं. वर्ग संध्याकाळी, शिष्यवृत्ती काही नाही, फी भरावी लागणार. ज्या गावाच्या बाजूनं एखादी गोष्ट असेल, त्या ढिगात सरकी पडणार. शिष्यवृत्तीबद्दल नागपूरला भली मोठी मूठ मिळाली. मला वाटलं, संपलं. तिथून तर सुरुवात झाली.

"शिकशीन तं फुकट, पण खाशीन काय मंग? नागपूरची राजधानी गेली मुंबईले. साहेब गेले, दफ्तरं गेली. राहिलं कोण? वकील. झाडाखाली बसून राहिले म्हणते थे."

"काका, हायकोर्ट हाये ना अजून नागपुरात."

"असन. पण हायकोर्टात जाणारा मानूस पयले इथं हरला पायजे का नाई? हरवाले इथं वकील लागते." आणि अकोल्याच्या ढिगात सरकी पडली.

हे रोज संध्याकाळी चालायचं. बाळापूरचं कोर्ट, मूर्तिजापूरचं कोर्ट, यंदाचा कापूस, कारण कापूस विकला जाईपर्यंत वऱ्हाडात वकिलाला पैसे मिळत नाहीत. मी ऐकून ऐकून थकलो. आई काजं करता करता पेंगायची. कधी कधी दौलतराव काहीच न बोलता अकोल्याच्या ढिगात एखादी सरकी टाकायचे.

"ही कशाची?" मी विचारायचो.

"शनवारी येता येते अकोल्याहून घरी. सोमवारी वापस. तुया मायले बरं."

आईनं असं काही म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. तिचं तर केव्हापासून एकच, फुकट मिळतंय तिथं जाय बापा.

ऐकीव माहितीवर मोजणी होत नाही, असं म्हणून शेवटी ते मला अकोल्याला घेऊन गेले. ती वर सांगितलेली पॅसेंजर. उन्हाळ्यामुळे कोर्ट सकाळचं. आम्ही पोचलो तेव्हा आवारात गर्दी होती. दौलतराव आधी चहावाल्याकडे गेले.

"इथं वकील चहा पाजते, का पेते?"

"वकील काहून पाजतीन बाप्पा? पक्षकार पाजते, वकील पेते."

म्हणजे वकिली चालते इथं, अशा अर्थानं दौलतरावांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मग कुलकर्णी नावाच्या एका म्हाताऱ्या वकिलांच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. वकिलांनी त्यांना बसवलं, पंख्याचं तोंड त्यांच्याकडे वळवलं, कशाचा दावा आहे म्हणून विचारलं.

"दावा नाई साहेब. दावे मोजाले आलो. धुऱ्याचे किती हायेत तुमच्याकडे?"

वकिलांनी पंखा परत स्वतःकडे वळवला. पण दौलतराव हलले नाहीत. समोर ठेवलेला एक नकाशा त्यांनी उलटा वाचला आणि त्यातली मोजणीची चूक सांगितली. ती चूक नव्हती, हे त्यांच्याच लक्षात आलं आणि त्यांनी तेही सांगितलं. तेवढ्यावर वकील हसले. माझी चौकशी केली आणि म्हणाले, "येऊ द्या याला. दिवसा माझ्याकडे काम करेल, संध्याकाळी कॉलेज. फीपुरतं मी बघतो."

परतीच्या गाडीत दौलतराव एकदाही धुऱ्यांकडे वळले नाहीत. स्वतःच्या मांडीवर हात ठेवून ते हसऱ्या तोंडानं झोपले. त्या संध्याकाळी अकोल्याला एक भली मोठी मूठ मिळाली.

दोन्ही ढीग आता सारखे दिसत होते. नागपूरला होकार कळवायची मुदत संपत आली होती. नाही कळवलं तर जागा दुसऱ्याला जाणार. माझ्यात आता भांडायचं त्राण राहिलं नव्हतं. मी ओट्यावर आडवा पडलो होतो. दौलतराव सरकीचा एक दाणा बोटात फिरवत होते. तो त्यांनी कुठल्याच ढिगात टाकला नाही.

"तुले काय वाटते बे?" ते म्हणाले.

एवढ्या दिवसांत हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं.

"मले नागपूरले जावं वाटते काका," मी म्हटलं. "मोठं कॉलेज हाये, लायब्ररी हाये. तिथंच हायकोर्टात कोणाजवळ शिकाले भेटलं तं तिथंच राहीन. पण तुमी एवढं फिरले माझ्यासाठी. तुमी म्हणसान तं अकोला."

दौलतराव कंबर धरून उठले आणि म्हणाले, "मोजून सांगतो."

सकाळी मी ओट्यावर आलो, तेव्हा डावीकडे नागपूरचा ढीग होता. उजवीकडची जागा स्वच्छ झाडलेली होती. दौलतराव भिंतीला टेकून बसले होते.

"अकोला कुठं गेलं, काका?"

"चंद्रीनं खाल्लं."

आई दारात आली होती. "अहो भाऊजी, चंद्री तर नांदगावले..."

"खाल्लं म्हणतो ना वयनी. जनावर हाये, त्याले काय समजते." आवाज जरा चढला होता. मग खाली आला. "एकच ढीग राहिला. मोजणी संपली. आता वाटा गूळ. अन् तसंही वऱ्हाडातले धुरे सरळ होऊन राहिले बरं का आता. लोकं शाहाणे झाले. इथं वकिलाचं काम उरलं नाई."

आईनं माझ्याकडे पाहिलं आणि डबा आणायला आत गेली. म्हातारपणी विसर पडतो, असं ती नंतर मला म्हणाली. मीही हो म्हटलं.

निघायच्या दिवशी मी पाया पडायला गेलो, तर ते घरात नव्हते. गोठ्यात होते. रिकाम्या गव्हाणीच्या काठावर बसलेले. गव्हाणीत कोपऱ्याला अकोल्याची सरकी नीट पसरून ठेवली होती. एक दाणाही कोणी खाल्लेला नव्हता. मी पाहिलं, आणि मी पाहिल्याचं त्यांनी पाहिलं.

"येईन थे कवा तरी. तवा खाईन," ते म्हणाले. "तू जाय. बडनेऱ्याची बस चुकन."

मी वाकलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि तो पटकन उचलला नाही. मला रडू फुटेल असं वाटलं, म्हणून मी दिवाळीला येतो एवढंच म्हणून बाहेर पडलो. किती दिवस असते बे इथून दिवाळी, असं त्यांनी मागून विचारलं. ज्यांनी आयुष्यभर मोजून सांगितलं, त्यांनी पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाला मोजायला सांगितलं होतं.

बडनेऱ्याला मला खिडकी मिळाली. चांदूर गेलं, धामणगाव गेलं, वर्धा नदीचा पूल आला. वऱ्हाड संपेपर्यंत मी बाहेर पाहत होतो, आणि एकही धुरा मला सरळ दिसला नाही.