चार नंबरच्या दाराची सोडत

कॉपर फोर्कच्या प्राथमिक शाळेत चार नंबरच्या वर्गाचं दार लागत नसे. म्हणजे लागे, पण लागलेलं राहत नसे. ओढून घेतलं की चौकटीला टेकायचं, क्षणभर विचार करायचं आणि कुणाचीही परवानगी न घेता सावकाश उघडायचं. बालवर्गाच्या लोर्ना टिडवेलबाईंनी बरीच वर्षं दाराशी एक वीट ठेवून संसार रेटला होता. पण आगीच्या वेळी वीट हा अडथळा ठरतो, असं अग्निशमन निरीक्षकांच्या लक्षात आलं आणि वीट जप्त झाली.

मग शाळेत गोळीबाराचा सराव झाला. कुणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं, याचा सराव अमेरिकेच्या मिसुरी राज्यातल्या इतर शाळांप्रमाणे इथंही नेमानं होई. दिवे मालवायचे, पोरांना कपाटाच्या आडोशाला बसवायचं आणि आवाज होऊ नये म्हणून प्रत्येकाच्या तोंडात एक लॉलीपॉप द्यायचा. यंदा सगळं बिनचूक पार पडलं. पाच-पाच वर्षांची पोरं चिडीचूप बसली होती आणि त्या आदर्श शांततेत दार कुरकुरत सताड उघडलं. मुख्याध्यापक हॅस्केट यांनी 'मुलांची शिस्त उल्लेखनीय' असा शेरा मारला. दाराच्या शिस्तीविषयी शेरा मारण्याची पद्धत नव्हती.

त्याच सुमारास वेंडेल ग्रिगची नोकरी गेली. तो शाळेची बस चालवायचा आणि पोरांच्या अंगावर ओरडायचा. तक्रार लोर्नाबाईंनी केली होती. शेवटच्या दिवशी तो वाहनतळावर त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "एक दिवस येतो मी, बाई. मग बघू कोण कुणावर ओरडतं ते."

लोर्नाबाईंनी हे हॅस्केट यांच्या कानावर घातलं आणि त्या तडक शेरीफच्या कचेरीत गेल्या.

"नुसतं बोलणं हा काही गुन्हा नाही, बाई," तिथला अंमलदार आपुलकीनं म्हणाला. "ग्रिगच्या नावावर साधा गाडी जोरात हाकल्याचा दंडही नाही. स्वच्छ माणूस आहे."

"मग गुन्हा कधी होणार?"

"केला की होईल. तुम्ही फक्त एक फोन करा, आम्ही लगेच हजर."

तेव्हा लोर्नाबाईंना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: आतून लागणारी कडी. ती मागायला त्या शाळा मंडळाच्या जाहीर सभेला गेल्या.

सभा व्यायामशाळेत होती आणि विषय 'बालकांची सुरक्षितता' हा होता. गोंधळ नको म्हणून ध्वनिक्षेपकापुढे दोन रांगा आखल्या होत्या. एक बंदुकांच्या बाजूनं बोलणाऱ्यांची, दुसरी विरोधात बोलणाऱ्यांची. एका रांगेनं राज्यघटनेतलं शस्त्र बाळगण्याच्या हक्काचं कलम वाचून दाखवलं. दुसऱ्या रांगेनं तेच कलम अधिक दुःखी आवाजात वाचून दाखवलं. कुणी म्हणालं, शिक्षकांना पिस्तुलं द्या. कुणी म्हणालं, सगळ्यांची काढून घ्या. लोर्नाबाई दोन रांगांच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"अगं लोर्ना, अशी मध्ये काय उभी?" मंडळाच्या अध्यक्ष ओपल स्टॉडर्ड म्हणाल्या. गावातल्या निम्म्या बायकांचे केस त्याच कापत, त्यामुळे त्यांना कुणाशीही लाडात बोलण्याचा अधिकार होता. "कुठल्या बाजूची तू?"

"मी दाराच्या बाजूची, ओपल. मला फक्त एक कडी हवीय."

सभागृह हसलं. हसण्याच्या बाबतीत दोन्ही रांगांचं एकमत झालं. त्या संध्याकाळी झालेलं तेवढंच.

"छान. पण बाजूनं की विरोधात?"

लोर्नाबाई नाइलाजानं जवळच्या रांगेत शिरल्या. दुसऱ्या रांगेनं लगेच हुर्यो केली.

तरीही मंडळ हातावर हात धरून बसलं नाही. वर्गावर्गाला एक बादली मिळाली. लपून बसायला फार वेळ लागला तर पोरांची सोय म्हणून. दप्तरं आरपार दिसणारी झाली. लपायचं कसं, यावर एक गोड चालीचं बालगीत बसवण्यात आलं, आणि ते पोरांना इतकं आवडलं की ती घरी आंघोळ करताना म्हणू लागली. बाहेरगावाहून एक सुरक्षातज्ज्ञ आला. वर्ग बघून तो म्हणाला, "दार लागत असतं तर उत्तम झालं असतं." त्याच्या मानधनात सुरक्षेचा निधी संपला.

"मग कडीचं काय, सर?" लोर्नाबाईंनी हॅस्केट यांना विचारलं.

"पालक संघाला सांगितलंय. पैसे जमवायला तिकिटं विकून सोडत काढताहेत."

"गोधडीची?"

"गोधडी कोण घेतो आता, बाई? गेल्या वर्षीची अजून माझ्याच पलंगावर आहे. रायफल ठेवलीय बक्षिसाला. हरणाच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आलाय, हां हां म्हणता तिकिटं संपतील."

लोर्नाबाईंना वाटलं, सर थट्टा करताहेत. पण कॉपर फोर्कमध्ये ही थट्टेची गोष्ट नव्हती. चर्चचं छप्पर रायफलच्या सोडतीवर झालं होतं, अग्निशमन दलाची शिडी रायफलच्या सोडतीवर आली होती.

"सर, बंदुकीपासून वाचायला बंदूक वाटायची?"

"वाटायची कुठं? एकच तर आहे," हॅस्केट म्हणाले. "शिवाय रीतसर. जिंकणाऱ्याच्या नावावर काही गुन्हा आहे का, याची पूर्ण तपासणी होते. आणि तिकीटविक्रीला तुम्हीच बसायचं हं. दार तुमचं आहे ना?"

म्हणून एका शनिवारी लोर्नाबाई किराणा दुकानाबाहेर टेबल मांडून बसल्या. दुपारी टेबलावर सावली पडली. वेंडेल ग्रिग होता. दाढी केलेली, टोपी हातात.

"कशासाठी हो हे, बाई?"

"वर्गाला कडी बसवायचीय."

"चांगलं काम आहे. कुठल्या वर्गाला?"

वीस वर्षं पोरांच्या प्रश्नांना खरं उत्तर देण्याची सवय वाईट असते. "चार नंबर," लोर्नाबाई बोलून गेल्या.

ग्रिगनं उरलेली सगळी तिकिटं घेतली. लोर्नाबाईंनी ती आपल्या हातानं फाडून दिली. वर आभारही मानले. तशी सूचना होती.

सोडत व्यायामशाळेत, गावजेवणाच्या वेळी निघाली. शाळेच्या आवारात शस्त्र आणायला सक्त बंदी असल्यामुळे मंचावर रायफलचं पुठ्ठ्याचं चित्र उभं केलं होतं. त्याला लाल फीत बांधली होती. रिवाजाप्रमाणे चिठ्ठी बालवर्गातल्या सगळ्यात लहान मुलीनं काढली. ओपलनं नाव वाचलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. लोर्नाबाईंच्या लक्षात आलं की आपलेही हात वाजताहेत.

"बघा, मनात किंतु न ठेवणारा माणूस!" हॅस्केट त्यांच्या कानाशी म्हणाले. "आपण त्याला काढलं, तरी शाळेला हातभार लावला."

"सर, तो मला काय म्हणाला होता ते विसरलात?"

"तपासणी होणारच आहे की, बाई."

तपासणी झाली. ग्रिग खरोखरच स्वच्छ निघाला. बंदुकीच्या दुकानात त्यानं मागवलेली कॉफी गार व्हायच्या आत सगळं आटोपलं.

कडी बसली. पितळी, जाड, आतून एका बोटानं लागणारी. देणगीदारांना ती वापरून बघता यावी म्हणून शाळेनं छोटासा समारंभ ठेवला, आणि मोठा देणगीदार म्हणून पहिला मान ग्रिगला मिळाला. त्यानं कडी लावली, उघडली, पुन्हा लावली. खांद्यानं दाराला हलकेच रेटा दिला. मग बाहेर जाऊन चौकटीवरून बोट फिरवलं.

"कडी पक्की आहे," तो म्हणाला. "पण बिजागऱ्या बाहेरून आहेत. खिळे उपटले की दार अख्खं हातात येईल."

दार बाहेर उघडलं पाहिजे, हा अग्निशमन निरीक्षकांचाच नियम होता.

"वा, ग्रिग!" हॅस्केट भारावून म्हणाले. "सुरक्षातज्ज्ञालासुद्धा हे दिसलं नव्हतं."

"चटकन दिसतं ते, सर," ग्रिग म्हणाला आणि लोर्नाबाईंकडे बघून त्यानं टोपीला हात लावला. "येतो, बाई."

बिजागऱ्यांचा विषय पुढच्या सभेत आला. सोडतीला रायफलच ठेवायची की या खेपेला बदल म्हणून शॉटगन, एवढंच ठरायचं होतं. तत्पूर्वी नेहमीची चर्चा होती. लोर्नाबाई आल्या तेव्हा दोन्ही रांगा दारापर्यंत पोचल्या होत्या. दोन्हींत भली, शिकलेली, कळकळीनं बोलणारी माणसं होती. लोर्नाबाई मध्ये जाऊन उभ्या राहिल्या आणि ओपलनं चष्म्यावरून बघत विचारलं, "हं लोर्ना, आज कुठल्या बाजूची?"

लोर्नाबाईंनी आधी एका रांगेकडे पाहिलं, मग दुसऱ्या. ओळखीचे पुष्कळ होते. नीट पाहिलं तर तुम्हीही दिसाल. ही गोष्ट वाचता वाचता कुठल्या रांगेत जाऊन उभे राहिलात ते तुमचं तुम्हाला ठाऊक. मुद्दा तुमचा बिनतोड आहे, यात शंका नाही. जरा पुढं सरका, मागच्यांना जागा हवी आहे. चार नंबरचं दार तेवढं उद्या सकाळी आठला उघडतं.