ओले आणि वतिक

दाऊदकाका लाकूड कानाला लावायचे. आपण टेलिफोन लावतो तसं. मुठीएवढा तुकडा कानापाशी धरायचा, दुसऱ्या तुकड्यानं त्याच्यावर टक् करायचं आणि डोळे मिटून थांबायचं. मग निकाल. "ओले." किंवा, "वतिक."

हिब्रूत देशात नव्यानं आलेल्याला 'ओले' म्हणतात आणि मुरलेल्याला 'वतिक'. काका, आमच्यासारखेच कोकणातले ज्यू, रेवदंड्याहून मुंबईमार्गे इस्राएलात उतरले, तेव्हा कचेरीतली बाई त्यांना 'ओले' म्हणाली. काकांनी सदरा चाचपून पाहिला. "बाई, मी कोरडा ठणठणीत आहे!" पुढे खुलासा झाला, पण शब्द काही त्यांनी सोडला नाही. ठस्स वाजलं ते लाकूड ओले, खणखणलं ते वतिक. "माणसाचं पण तसंच गो," ते म्हणत. "काही जन्मभर सुकत नाहीत."

लाकूड लागायचं मोटारीला. त्यांची जुनी पिकअप लाकडाच्या गॅसवर चालायची. मागे एक पिंप, त्यात धुमसणारं लाकूड, तिथून इंजिनापर्यंत नळ्या. महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा रेवदंडा-अलिबाग रस्त्यावर त्यांनी कोळशाच्या गॅसवरची मोटार हाकली होती. म्हातारपणी आमच्या किर्यात मलाखी गावात, संत्र्याच्या तोडलेल्या बागांतली लाकडं गोळा करून, तेच तंत्र पुन्हा उभं केलं. सरकारी तपासणीच्या दिवशी मोटार गुपचूप पेट्रोल पीत असे.

मी आमच्या इमारतीच्या समितीची चिटणीस. दिवे, जिने, किल्ल्या, सगळं माझ्याकडे. त्या वसंतात काकांनी तळघरातल्या मिकलातची, म्हणजे हल्ल्याच्या वेळी लपायच्या खोलीची, किल्ली मागितली. लाग बाओमेरच्या सणाच्या शेकोट्या जवळ आल्या होत्या. त्या दिवसांत पोरं बाहेर दिसेल ते लाकूड पळवतात, खुर्ची असो की पलंग. मी किल्ली दिली.

थोड्या दिवसांनी तळमजल्यावरची मर्सेल पांढरीफटक होऊन दारात आली. ती मूळची मोरोक्कोची, भुतांबद्दल माहीतगार. "खाली मेलेले मोजतायत," ती कुजबुजली. "पूर्वी इथं नव्यानं आलेल्यांच्या तंबूंची छावणी होती ना? त्यातले. कुणीतरी ठोकतं आणि म्हणतं, ओले. पुन्हा ठोकतं. ओले. मग म्हणतं, वतिक, आणि हसतं!"

मी विजेरी घेऊन उतरले. भर दुपार, बाहेर वाळवंटाचा गरम वारा. पायऱ्यांवर मात्र मान गार पडली. खाली अंधार आणि पंख्याची घरघर. भिंतीलगत लाकडांच्या रांगा, हवा खेळावी म्हणून मधे फटी ठेवलेल्या, बरगड्यांसारख्या. आणि कुणी हात न लावता त्या वाजत होत्या. इथे तड्. थांबून तिथे तड्. जणू कुणी विचारतंय आणि कुणी उत्तर देतंय. मधोमध स्टुलावर काका, कानाला लाकूड.

"श्श," ते म्हणाले. "सुकतायत. भेगा पडतायत त्यांना."

"काका, हे आजच्या आज हलवा. मर्सेल रब्बीला बोलवायला निघालीय."

त्यांचा चेहरा उतरला. "शुक्रवारपर्यंत राहू दे गो सोफी. मला अश्केलोनला जायचंय. ओलं घातलं तर नळ्यांत डांबर धरतं, मोटार वाटेत मरते. मागच्या खेपेला मेली. मिल्का अंधार पडेपर्यंत फाटकात उभी होती."

मिल्काकाकू अश्केलोनच्या वृद्धाश्रमात होत्या. माणसं विसरत चालल्या होत्या, एवढं मला ठाऊक होतं.

"मग बसनं जा ना."

"बसनं गेलो की ओरडते. परका पुरुष खोलीत शिरला म्हणते." त्यांनी हातातलं लाकूड खाली ठेवलं. "गेल्या लाग बाओमेरला खिडकीतून धूर आला, तर उठून बसली. म्हणाली, मोटार आली. लग्नाआधी माझ्याच मोटारीनं यायची-जायची ती."

मर्सेलला मी शुक्रवारपर्यंत थोपवलं आणि शुक्रवारी स्वतः काकांच्या मोटारीत बसले. सारी वाट ते इंजिनाकडे कान लावून होते. इंजिन खोकलं की स्टिअरिंगवरची त्यांची बोटं पांढरी व्हायची. पण मोटार पोचली.

फाटकात मिल्काकाकू उभ्या होत्या. नीट नेसलेलं लुगडं, हातात पिशवी. नजर आमच्या आरपार. धुराचा लोट अंगावर आला तशा त्या हसल्या आणि दार उघडून माझ्या शेजारी बसल्या.

"डायवर, बिगी बिगी चला. घरी आमचे हे वाट बघत असतील."

"होय बाई," काका म्हणाले.

आम्ही वृद्धाश्रमाभोवतीच्या गल्ल्यांतून फिरू लागलो. दुतर्फा सिमेंटच्या इमारती, वाळत घातलेले कपडे.

"चौल गेलं का?"

"आत्ताच गेलं, बाई."

"खाडीला भरती दिसते."

"जोराची आहे."

दोघंही एकाच बाजूला पाहत होते. थोड्या वेळानं मीही तिकडे पाहायला लागले, आणि खरं सांगते, खिडकीतून खारा, ओल्या चिखलाचा वास आला. मी काच वर केली.

काकांनी मोटार पुन्हा फाटकात आणली आणि पिंपाचं झाकण बघायला उतरले. मिल्काकाकू माझ्या कानाशी लागल्या. "डायवर भला आहे हो. लग्न झालंय का त्याचं?"

मी काकांकडे पाहिलं. काका पाठमोरेच होते.

"झालंय म्हणून सांग," ते म्हणाले.

"बायको चांगली आहे का?" काकूंनी खिडकीतून थेट त्यांनाच विचारलं.

काकांनी झाकण घट्ट बसवलं. "वाट बघायला लावते जरा," ते म्हणाले. "बाकी चांगली आहे."