समुद्रफुलाची ठरलेली जागा

मुलांनो, आणि मुलांच्या पालकांनो, कारण तुम्हीही चोरून वाचता हे मला ठाऊक आहे! एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. बत्तीस वर्षं मी चौथी ब सांभाळली आहे. ज्या वर्गात शिरताना शाळेचे शिपाईसुद्धा आधी दारातून डोकावून अंदाज घेत, तो वर्ग मी नुसत्या एका भुवईवर गप्प बसवत असे. तेव्हा वाटीएवढं एक समुद्रफूल मला नेमल्या जागी बसवता येणार नाही, असं कुणी म्हटलं तर मला हसूच येणार!

"सर, हसू नका," माशांचा दुकानदार म्हणाला. "नावाचंच फूल आहे. आहे तो प्राणीच. खाली पाय आहे त्याला. जागा आवडली नाही की सरळ चालायला लागतं. पंपाला जाळी लावलीत ना? त्यात ओढलं गेलं तर ते जाईलच, पण पाणी असं नासेल की मासेही जातील."

"माझ्या वर्गातून विचारल्याशिवाय कुणी उठत नाही!" मी म्हणालो, आणि पाण्याने भरलेली पिशवी तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून घरी आलो.

हा सगळा खटाटोप होता भिंगरीसाठी. भिंगरी म्हणजे माझी नात. वय वर्षं सात, सुट्टीला आमच्याकडे आलेली. आमच्या बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. आठ महिने पाण्याचा खारटपणा मोजून मोजून मी ती जमवली आहे. एवढ्या काळजीने मी स्वतःचं रक्तसुद्धा कधी तपासलं नाही. त्यात दोन जोकर मासे, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले. एक मोठी आणि एक धाकटा. धाकट्याची एक खोड होती. तो दिवसभर कोपऱ्यातल्या थर्मामीटरला चिकटून राहायचा, शेवटची बस चुकलेल्या माणसासारखा. भिंगरीच्या पुस्तकातले असले मासे मात्र समुद्रफुलाच्या मऊ मऊ बोटांत लोळत होते.

"आबा, धाकट्याला घर नाहीये?" तिने आल्या दिवशीच विचारलं, आणि खालचा ओठ हळूहळू बाहेर आला.

तो ओठ पाहून मी शब्द देऊन बसलो. "तू जायच्या आधी धाकटा त्याच्या घरात गेलेला दाखवतो!"

रविवारी सकाळी तिची आई तिला न्यायला येणार होती. म्हणजे शनिवार हा शेवटचा दिवस. भिंगरीने बिल्डिंगमधल्या सहा पोरांना शनिवारी चारचं आमंत्रणही देऊन टाकलं. "माझ्या आबांनी सांगितलंय, म्हणजे होणारच!" हे तिने जिन्यात उभं राहून तीन मजल्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. आता माघार कसली घेता!

शनिवारी सकाळी मी पिशवी टाकीत तरंगत ठेवली, तासभर थेंब थेंब टाकीचं पाणी तिच्यात सोडलं आणि समुद्रफुलाला अलगद सपाट खडकावर बसवलं. मग शिस्तीचा भाग म्हणून टाकीच्या काचेवर तक्ता चिकटवला. जागा क्रमांक एक, हीटर. जागा क्रमांक दोन, पंप. जागा क्रमांक तीन, समुद्रफूल. खाली सही.

"अहो, त्याला वाचता येतं का?" आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं.

"पोरांनाही पहिल्या दिवशी येत नव्हतं," मी म्हणालो.

राहिली पंपाची जाळी. ती काही घरात नव्हती. पण स्वयंपाकघरात चहाची गाळणी होतीच! मी ती पंपाच्या तोंडावर रबरबँडने पक्की बसवली आणि दोन पावलं मागे सरून माझ्याच हुशारीकडे पाहत राहिलो.

साडेतीनपर्यंत समुद्रफूल एखाद्या आदर्श विद्यार्थ्यासारखं जागच्या जागी होतं. तीन पस्तीसला भिंगरी ओरडली, "आबा! ते खडकावर नाहीये!"

मी वळलो. समुद्रफुलाने पाय सोडला होता आणि ते पाण्यात तरंगत, गोल गोल फिरत, थेट पंपाकडे निघालं होतं. आणि गाळणी? रबरबँड तुटून गाळणी तळाच्या वाळूत पडली होती!

"बंद करा! बंद करा ते!" मी किंचाळलो.

भिंगरीने पंखा बंद केला. सौ. धावत जाऊन गॅस बंद करून आल्या. पंप मजेत चालू!

"पंप! पंप!"

आता दुकानदाराने हेही बजावलं होतं, की याच्या बोटांना डंख असतात, उघडा हात लावू नका. टेबलावर सौ.नी भांडी घासायला आणलेली पिवळ्या रबरी हातमोज्यांची नवी कोरी जोडी होती. मी पाकीट दातांनी फाडलं, एक मोजा उजव्या हातात चढवला आणि कोपरापर्यंत हात टाकीत घातला. पंपापासून चार बोटांवर मी त्या समुद्रफुलाला असं झेललं, की शाळेच्या मैदानावर असतो तर पोरांनी मला खांद्यावर घेतलं असतं! त्याच क्षणी भिंगरीला पंपाचं बटण सापडलं. सगळं शांत झालं.

मी विजयी मुद्रेने हात खडकाकडे नेला. "चला, जागा क्रमांक तीन!"

समुद्रफूल हलेना. त्याने माझ्या तळहातावर पाय रोवला होता आणि गालिच्यावर मांडी घालावी तसं ते आरामात पसरत होतं.

सौ.नी दुकानदाराला फोन लावून माझ्या कानाशी धरला.

"ओढू नका हं, सर!" तो ओरडला. "पाय फाटला तर संपलं सगळं. आपणहून सोडेल ते."

"किती वेळाने?"

"तासाभरात सोडेल." तो जरा थांबला. "नाहीतर परवा."

तेवढ्यात बेल वाजली. चार वाजले होते. सहा पोरं चपला उडवत आत आली आणि त्यांच्यामागून समोरच्या फ्लॅटमधले वकील. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण गर्दी दिसली की ते येतातच.

आता काय करणार? वर्ग समोर बसला होता! मी हात टाकीत तसाच ठेवून, अंगठ्याएवढंही न हलता, धडा सुरू केला. "मुलांनो, नियम माहीत आहेत ना? बोलायचं असेल तर हात वर. आणि प्रश्न शेवटी! तर, समुद्रफूल म्हणजे काय?"

मुलांनो, खरं सांगतो, इतका रंगलेला तास मी चौथी 'ब'लाही दिला नव्हता! फळा नाही, खडू नाही. जिवंत प्राणी माझ्याच हातावर! मी त्याचं तोंड दाखवलं, बोटं दाखवली. ज्या बोटांचा डंख इतर माशांना बसतो, त्यांच्यात हा मासा निर्धास्त कसा राहतो, ते सांगितलं. पोरं तोंडाचा आ करून ऐकत होती. फक्त भिंगरीने दहाव्याच मिनिटाला हात वर केला.

"शेवटी, बाळा," मी म्हणालो.

हळूहळू माझा खांदा भरून आला. मग पाठ. मग माझे असेही काही अवयव, ज्यांचा हाताशी काही संबंध नाही. सौ.नी चहा आणला आणि कप माझ्या तोंडाला लावला. गाळणी टाकीच्या तळाशी असल्यामुळे निम्मा चहा मला चावून खावा लागला.

"सर, ताबा सोडू नका!" वकील सोफ्यावरून म्हणाले. मग चष्मा पुसून त्यांनी नीट पाहिलं. "अर्थात, इथे तुमचाच हात त्याच्या ताब्यात दिसतोय."

भिंगरीचा हात वरच होता. आता तिने तो डाव्या हाताने तोलून धरला होता.

"शेवटी म्हटलं ना, बाळा?"

पाच वाजले. धाकटा थर्मामीटरपाशीच. पोरं चुळबुळ करू लागली. एक चष्मेवाली मुलगी हळूच म्हणाली, "भिंगरी, तुझे आबा तर म्हणाले होते..." आणि तो खालचा ओठ पुन्हा बाहेर यायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या सकाळी ही जाणार, आणि जाताना बरोबर काय नेणार? आबांचा खोटा शब्द!

आणि धाकटा हलला!

आधी दोन बोटं पुढे आला, पुन्हा मागे पळाला. पुन्हा आला. माझ्या करंगळीला एक टोचा मारला. मी श्वास रोखला. वकिलांनीही रोखला, त्यामुळे खोली फारच शांत झाली. धाकट्याने समुद्रफुलाच्या एका बोटाला पाठ घासली, दचकला, परत घासली आणि मग एकदम आत शिरून असा लोळला, असा लोळला, की विचारू नका!

"गेला! घरात गेला!" पोरं सोफ्यावर चढून नाचू लागली. सौ.नी पदर डोळ्यांना लावला. वकिलांनी उठून माझा हात हातात घ्यायचा प्रयत्न केला, पण डावाच मोकळा होता म्हणून तोच घेतला.

भिंगरी तेवढी नाचत नव्हती. ती हसत होती, डोळे लखलखत होते, पण हात वर तो वरच!

"अहो, त्या पोरीला विचारा तरी," सौ. म्हणाल्या. "तासभर हात वर करून बसलीये!"

"हं, भिंगरी. आता विचार. काय प्रश्न आहे?"

"प्रश्न नाहीये, आबा," भिंगरी म्हणाली. "तुम्ही मोज्यातून हात काढून घ्या ना. मोजा राहू दे तिथेच."

बत्तीस वर्षांचा अनुभव असलेला मी, संसार चालवणाऱ्या सौ., कायदा कोळून प्यायलेले वकील. कुणीच कुणाकडे बघेना.

डाव्या हाताने मोज्याची कड धरून मी उजवा हात हळूच बाहेर काढला. दोन सेकंदही लागले नाहीत. मग मोज्यात बाजूने चार खडे सारले आणि तो समुद्रफुलासकट सपाट खडकावर टेकवला. जागा क्रमांक तीन! धाकटा आतच होता.

रविवारी सकाळी भिंगरी आईला ओढत टाकीपाशी घेऊन आली. "बघ, आबांनी सांगितलं होतं ना?" जाताना तिने काचेवरून धाकट्याला टाटा केला आणि माझ्या सुजलेल्या खांद्यावरच पापा दिला.

इथे गोष्ट संपवली असती तर माझी लाज राहिली असती. पण मुलांशी खोटं बोलू नये. मंगळवारी समुद्रफूल उठलं आणि हीटरच्या मागे, भिंतीकडे तोंड करून जाऊन बसलं. अगदी चौथी 'ब'च्या शेवटच्या बाकावर पोरं बसतात तसं. पंपाला आता दुकानातली खरी जाळी आहे, त्यामुळे फिरू दे बापडं. धाकटा मात्र त्याच्यामागे गेला नाही. तो पिवळ्या मोज्याच्या अंगठ्यात राहतो, आणि मोठीही शेजारच्या बोटात राहायला आली आहे.

काल भिंगरीचा फोन आला. शाळेत "माशाचं घर" असं चित्र काढायला सांगितलं होतं, तिने पिवळा हातमोजा काढला आणि बाईंनी त्यावर लाल फुली मारली. "आबा, तुम्ही बाईंना सांगा ना, की ते खरंय!"

सांगणार आहे. आधी भांडी आटपतो. मोजा हरवला त्याने भांडी घासायची, असं घरात ठरलं आहे, आणि उरलेला मोजा डाव्या हाताचा आहे.