आप्पांच्या हाताचा अंदाज

आमच्या वरच्या मजल्यावरचे आप्पा कुणी भेटलं की नमस्कार करत नाहीत. समोरच्याच्या हातातली पिशवी काढून घेतात, दोनदा वर-खाली करतात आणि वजन सांगतात. आम्ही रॉटरडॅमच्या या इमारतीत राहायला आलो, त्याच आठवड्यात जिन्यात त्यांनी माझी पिशवी अशीच घेतली. "साडेचार किलो," ते म्हणाले. "दूध, कांदं, आन् नवऱ्याला सांगणार न्हाईस असं कायतरी गोड." गोडाचं खरं होतं. पिशवी मी घरी जाऊन काट्यावर ठेवली, तर तीन किलोसुद्धा भरली नाही.

आप्पांची कोल्हापुरात गुळाची अडत होती. सगळा जन्म ढेपा उचलण्यात गेला. काकू गेल्यावर मुलाने, प्रशांतने, त्यांना इथे आणलं. प्रशांत बंदरावर कंटेनरांचं नियोजन करतो, तेही लॅपटॉपवर. "जहाजंच्या जहाजं भरतोय, पर एक पेटी कधी हातानं उचलून बगत न्हाई," ही आप्पांची मोठी खंत.

त्यांचा स्वतःचा हात तरी कुठे खरा? इतक्या वर्षांत त्यांचा अंदाज बरोबर आलेला कुणी पाहिलेला नाही. सुपरमार्केटात साखरेचा पुडा उचलतात आणि गल्ल्यावरच्या मुलीला अस्सल कोल्हापुरीत सांगतात, "किलो न्हाई हे, नऊशे भरंल." ती बिचारी हसून मान हलवते. आप्पांना वाटतं, चोरी पकडली. घरी काटा पूर्ण किलो दाखवतो, तेव्हा आप्पा काट्याकडे दयेने बघतात. त्यावर त्यांचं एक शास्त्रही आहे. "हा देश समुद्राच्या खाली हाय पोरी. इतक्या खाली समदं जडच लागणार. हेच कोल्हापुरात नेऊन बग."

हे शास्त्र माझ्या पोटाच्या घेराला लागू होईल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

मला दिवस गेले आणि मी फुगायला लागले. कॉलेजात मला काडी म्हणायचे. त्या काडीचं पाचव्या महिन्यात काय झालं ते सांगवत नाही. जीन्स गेल्या, मग अंगठी गेली, मग सायकलवर बसल्यावर गुडघे पोटाला लागायला लागले. इथे गरोदर बाईला सुईण तपासते. आमची सुईण योहाना वजन करतच नसे, फक्त "तुला कसं वाटतंय?" एवढं विचारायची. मला वाटायचं, बाई सभ्य आहे, तोंडावर बोलत नाही. पुण्याहून आई व्हिडिओ कॉलवर आधी म्हणायची, "तोंड किती गं सुजलंय," आणि त्याच दमात, "तूप खातेस ना?" नवरा, निखिल, "छान दिसतेस" म्हणायचा, पण पाठ केलेलं उत्तर द्यावं तसं.

शेवटी मी वजनकाटा विकत आणला आणि बाथरूममध्ये लपवला. रोज सकाळी त्याच्यावर उभी राहायची आणि रडायची. मग रात्रीचा भात बंद केला. मग पोळी एकच. निखिलला सांगायचे, ऑफिसात खाल्लंय. फोटो काढू देईना, डोहाळजेवणाला तर साफ नकार दिला. योहाना म्हणाली, "तुझ्या अंगात रक्त कमी आहे. नीट जेवतेस ना?" मी हो म्हणाले. बाळाचा विचार मनात येत नव्हता असं नाही. पण आरशाचा आधी येत होता, आणि याची लाज वेगळीच होती.

एका शनिवारी माझा मलाच इतका संताप आला, की तो काटा उचलून मी खाली कचऱ्याच्या डब्याशी निघाले. जिन्यात आप्पा. काटा हातातून घेतला, वर-खाली केला.

"काटा टाकतीस? अगं, काट्याला पाय लागला तरी आमी नमस्कार करतो. काय बिघडलाय?"

"तो नाही, मी बिघडलेय," मी म्हणाले, आणि तिथेच पायरीवर बसून हमसाहमशी रडले. वजनाचं सांगितलं, भाताचं सांगितलं, निखिलला ठाऊक नसलेलं सगळं सांगितलं.

आप्पा गोंधळलेच. "म्हंजे माल वाढला म्हणून रडतीस?" त्यांना खरंच समजेना. "आमच्यात कमी भरला की रडत्यात." मग एकदम उभे राहिले. "तुझी गूळतुला करायची. डोहाळजेवणाला. ठरलं."

मी नको म्हणायच्या आत ते जिना चढून गेलेसुद्धा.

माणूस बसेल एवढा तराजू रॉटरडॅममध्ये कुठून आणणार? आप्पांनी तो आमच्या खिडकीतून रोज दिसणाऱ्या बागेत शोधला. मुलांचा सीसॉ! योहानाला विचारलं, तर "हळूच बसा, उडवू नका," म्हणाली आणि त्या दिवशी स्वतःच सायकलवरून हजर झाली. आपल्याकडचं वाणसामान ठेवणाऱ्या सुरिनामी दुकानातला होता नव्हता तो गूळ आणला. तो पुरणार नव्हता, म्हणून बाजारातून बटाट्यांच्या गोणी. तुलेतलं सगळं नंतर गरजूंना शिधा देणाऱ्या केंद्रात जाणार होतं. किती लागेल याचा हिशोब आप्पांनी अर्थात माझ्याकडे नुसतं बघून केला होता.

मी हिरवी साडी नेसून, वर रेनकोट घालून सीसॉच्या एका टोकाला बसले. निखिलने फळी धरली. फोनमधून आई ओरडत होती, "अरे, सांभाळून!" प्रशांत गोणी चढवत गेला. गूळ चढला, बटाटे चढले, आणि बटाटे संपले. माझं टोक जमिनीलाच.

आप्पांचा अंदाज चुकला होता, नेहमीसारखाच, फक्त आज माझ्यावर. महिन्यापूर्वी मी तिथेच मेले असते. तेवढ्यात आतापर्यंत कुंपणापाशी उभ्या राहून बघणाऱ्या शेजारच्या मीप आजी पुढे आल्या आणि आपली भाजीची पिशवी समोरच्या टोकावर ठेवली. एका बाईंनी चीजचा अख्खा गोल ठेवला. मुलांनी दप्तरं ठेवली, ती आप्पांनी परत दिली, "दानाचं हाय, खेळू नका." कुणी धावत घरी जाऊन पिठाचे पुडे आणले. आप्पा टोपी उडवत ओरडत होते, "येऊ द्या, अजून येऊ द्या! पोरगी वजनदार हाय!" आणि फळी जराशी हलली, तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी पाय वर घेऊन अंग खाली दाबत होते. मला अजून जड व्हायचं होतं. इतकी हसले, की योहानाने दटावलं.

फळी सरळ झाली. त्यावर आप्पांनी खिशातून गुळाचा एक खडा काढून पलीकडे ठेवला. "माप झुकतं पायजे."

मग जेवण झालं. मी भात दोनदा घेतला. बाकावर आप्पा शेजारी होते. मी विचारलं, "काकूंची केली होती अशी गूळतुला?"

"न्हाई. ऱ्हायली." त्यांनी सीसॉकडे बघितलं. "पैली पोरगी आमची. प्रशांतच्या आधीची. सातव्यातच झाली. माझ्या या हातावर ठिवली, तर हाताला कळंचना काय ठिवलंय का न्हाई." हात त्यांनी मांडीवर उलटा ठेवला. "टिकली न्हाई. तवापास्नं दिसंल ते उचलून बगतो."

मी माझ्या पानातली पुरणपोळी त्यांच्या पानात ठेवली. त्यांनी ती उचलली, वर-खाली केली, वजन चुकीचं सांगितलं आणि खाल्ली.

जुलैत मुलगी झाली. इथे बाळंतिणीच्या मदतीला बाई घरी येते. ती बाळाला झोळीत ठेवून, काट्याला टांगून रोज वजन करते आणि आकडा मोठ्याने सांगते. आप्पा हात धुऊन, नवा सदरा घालून दाराशी उभे होते. मी बाळ त्यांच्या हातांवर ठेवलं. आम्ही सगळे वाट बघत होतो, आता वर-खाली करणार.

त्यांनी हात हलवलेच नाहीत.

"आप्पा, किती?" निखिलने विचारलं.

आप्पांचे डोळे भरून आले होते, पण हात तसेच स्थिर.

"पुष्कळ," ते म्हणाले.

त्यांचा अंदाज बरोबर आलेला मी पहिल्यांदाच पाहिला.