भगवानभाऊंचं ‘काहून’

माझ्या शर्टाच्या खिशातून अकरा गोळ्या घरंगळल्या, तेव्हा मी भगवानभाऊंसाठी खुर्ची ओढायला वाकलो होतो आणि ‘रक्तदाबाची गोळी न चुकता घेतो’ हे वाक्य अर्धंच झालं होतं. आम्हा नवरा-बायकोला एकाच शिबिरात रक्तदाब निघाला. तेव्हापासून तिची नजर माझ्या गोळीवर. मी गोळी तोंडाशी न्यायचो आणि तिची पाठ वळली की खिशात सोडायचो.

दुसरा कोणी रागावला असता. भगवानभाऊंनी गोळ्या वेचल्या, टेबलावर ओळीनं मांडल्या, वही काढली आणि विचारलं, “काहून?”

भगवानभाऊ आमच्या रिठदचे निवृत्त आरोग्यसेवक. भेटेल त्याला ‘काहून’, म्हणजे ‘का’, असं विचारायचं आणि उत्तर वहीत उतरवायचं, हा त्यांचा छंद. मालेगावच्या गाडीत एका वाहकानं वैतागून त्यांना दोन थांबे आधीच उतरवलं. उतरता उतरता यांनी त्यालाही विचारलं, काहून?

मध्यंतरी गावात डेंग्यूचा कार्यक्रम आला. भिंतीवर रंगवलं: शनिवार कोरडा दिवस, भांडी रिकामी करा. एकीनंही रांजण उपडा केला नाही. आरोग्य खात्याचे साहेब म्हणाले, लोकांत जागृती नाही. भाऊ म्हणाले, “पयले काहून, मंग कार्यक्रम,” आणि नळावर बायकांत जाऊन बसले.

“काहून वं, पाणी काहून फेकत नाही?”

“नळ येते बुधवारी. शनवारी फेकलं तं मंग प्यावं काय, तुमची भिंत?”

भाऊंनी हे जसंच्या तसं साहेबांना वाचून दाखवलं. मग स्वतः रंगाचा डबा आणून शनिवारचा बुधवार केला. पुढच्या बुधवारी नळ यायच्या आधी गल्लीभर रांजण उपडे!

आता ती वही माझ्यासमोर उघडी होती.  मी म्हणालो, “भाऊ, आमच्या बाबांना गोळ्या सुरू झाल्या अन् वर्षात ते गेले. गोळी हातात घेतली की मले बाबाच दिसतात.”

मला वाटलं, हसतील. त्यांनी लिहून घेतलं.

मी विषय बदलायला विचारलं, “पण तुमाले हे येड लागलं काहून?”

पेन थांबलं.

“माही बायको, कमल,” ते म्हणाले. “मी गावभर गोळ्या वाटे, अन् माह्या घरात ते बीपीची गोळी घेत नोती. रोज रागावो तिले. कमल वारल्यावर तिच्यासंगं निंदाले-खुरपाले जाणारी बाई बोलली. त्या गोळीनं तिले घडीघडी लघवीले जा लागे. वावरात आडोसा नाही, मुकादम धुऱ्याच्या बांधावर उभा. कोणाले सांगन?” त्यांनी वही मिटली. “डॉक्टरनं गोळी बदलून देली असती. दुसरी गोळी माह्याच पिशवीत राहे. मी फक्त रागावलो. इचारलं नाही.”

जाताना म्हणाले, “उद्यापासून सकाळचा चहा तुमच्याकडं. मी चहा पितो, तुमी गोळी घ्या. मी असल्यावर बाबा नाही दिसनार.”

संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं, खिशासकट. वाटलं, आता आरती होणार. ती तांदूळ निवडत होती. मग ताट बाजूला सारून म्हणाली,

“माह्या बी गोळ्या डाळीच्या डब्याखाली पडून हायेत. इचारा आता, काहून ते.”