निरभ्ररावांचा मंडप आणि वरल्या वाऱ्याची कैफियत

हवामान कचेरीत एका दुपारी जी थोर मोहीम जाहली, तिचे वर्तमान जो तो आपल्या सोयीने सांगू लागला, म्हणोन जे खरे घडले ते कोणाची भीड न धरता येथे लिहून ठेविले आहे.

कचेरीचे मुख्य साहेब राजमान्य राजश्री निरभ्रराव. हे नाव आईबापांनी ठेविलेले नव्हे. अकरा वर्षांत दिलेला अंदाज त्यांनी कधी फिरविला नाही, आणि तो बहुतकरून 'आकाश निरभ्र' असाच असे, म्हणोन हाताखालच्यांनी ही पदवी बहाल केली. स्वारी खिडकीतून बाहेर पाही, झाडाचे पान हलत नाही ऐसी खातरजमा करी, आणि मग शिक्का उठवी. ते दिवशी स्वारीची नोकरी संपत होती, आणि चार वाजताच्या निरोपसमारंभाकरिता गच्चीवर मंडप उभा जाहला होता.

त्याच कचेरीत फुगेवाल्या बाई. रोज सकाळी गॅसच्या फुग्यास यंत्र बांधोन तो आकाशी रवाना करावा, आणि वरची उष्णता व वारा त्याने कळविला की टिपावा, हा त्यांचा हुद्दा. ते दिवशी फुग्याने बातमी दिली ती ऐसी की, जमिनीलगत ऊन दमट हवा दाटली आहे, तिजवर दोन किलोमीटरांवर गरम कोरड्या हवेचे झाकण बसले आहे, आणि झाकणाच्या वर कडाक्याची थंडी व बेफाम पश्चिमवारा. झाकण आहे तोवर पान हलणार नाही, आणि उन्हाने ते फुटले की खालची हवा उसळोन वर जाणार, आणि मग वादळ आणि गारा. बाईंचे यजमान क्रेनचालक, आणि ते गावातल्या एका बांधकामावर वीस मजले उंच केबिनीत बसले होते.

बाईंनी फोन लाविला. "अहो, आत्ताच्या आत्ता खाली उतरा!"

"मी उतरेन गं, पण मुकादम ऐकत नाही. म्हणतो, हवामानवाल्यांचा सहीशिक्क्याचा कागद दाखव, मग काम थांबवतो."

मग बाई फुग्याच्या बातमीचा आलेख घेवोन साहेबांपुढे हजर जाहल्या, आणि वादळाचा इशारा जारी व्हावा ऐसी अर्जी केली. साहेबांची मर्जी खप्पा जाहली. फर्मान सुटले की, सकाळचा अंदाज दुपारी फिरविणे ही कचेरीची बेअब्रू, आणि शेवटच्या दिवशी हा डाग आम्ही लावून घेणार नाही. बाई रित्या हाताने परतल्या.

परंतु मागाहून साहेबांची नजर गच्चीकडे गेली. तेथे मंडप, मंडपात खुर्च्या, आणि मधोमध काचेच्या चौकटीत खुद्द साहेबांची तसबीर. मनात पाल चुकचुकली. मग दुसरे फर्मान सुटले: 'संभाव्य वादळ व गारपीट लक्षात घेता मंडप तीन वाजण्यापूर्वी उतरवावा. समारंभ खालच्या दालनात होईल.' खाली सही, तारीख, शिक्का. अंदाजाच्या पाटीवर मात्र 'आकाश निरभ्र' कायम. माणसाच्या जिवाहून तसबिरीची काच मोलाची ठरली, हे लिहिताना आम्हांस संताप आवरत नाही.

हुकूम फलकावर लागला, आणि बाईंनी तो वाचला, आणि मोबाइलवर फोटो काढोन थेट मुकादमाकडे रवाना केला. कागद कचेरीचा, शिक्का अस्सल, आणि त्यात वादळाचा उल्लेख. मुकादमास कागद पाहिजे होता. तो मंडपाचा की क्रेनचा, याची त्याने फिकीर केली नाही.

"उतर रे बाबा, साहेबांचा कागद आला!"

चालकाने क्रेनचा हात वाऱ्यासरशी फिरेल ऐसा मोकळा सोडिला आणि शिडी धरिली. तीन वाजून दहा मिनिटांनी पाय जमिनीस लागले. साडेतीनास झाकण फुटले, पश्चिमेकडोन काळी फौज चालोन आली, आणि लिंबाएवढ्या गारांनी केबिनीच्या काचांचा चुरा केला. चालकाचा जेवणाचा डबा आतच राहिला होता, तो पुढे चेपलेला मिळाला.

चार वाजता दालनात साहेबांनी सांगितले की, अकरा वर्षांत आम्ही एकही अंदाज फिरविला नाही. छपरावर गारा बडवत होत्या, त्यामुळे टाळ्या किती पडल्या ते कोणास कळले नाही. शेवटच्या रांगेत चालक, बांधकामावरोन भिजत थेट आलेले, ओल्या कपड्यांनी बसले होते, आणि बाईंनी त्यांचा हात धरिला होता तो काही केल्या सोडीनात.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. कचेरीच्या दफ्तरी त्या दिवसाची नोंद 'आकाश निरभ्र, मंडप सुखरूप' इतकीच आहे. माणूस जिवंत उतरला हे तेथे कोणी लिहिले नाही, म्हणोन येथे लिहिले.