शेवटच्या बाकाचा मान

जयपूरच्या वैशाली नगरात भाड्याच्या हॉलमध्ये जमणाऱ्या मराठी ख्रिस्ती मंडळीकडे एकूण नऊ बाक आहेत. पहिल्यावर पंच, दुसऱ्यावर पंचांच्या बायका आणि तिथून मागे हुद्द्याच्या उतरत्या क्रमाने बाकीचे. ही पद्धत कुणी घालून दिली नव्हती, म्हणूनच ती कधी मोडली नाही. नवव्या बाकावर, दाराशी, तारामतीबाई बसत. राजा पार्कच्या एका इस्पितळात त्या आया होत्या. अकराची ड्युटी, त्यामुळे साडेदहाला उपदेश चालू असतानाच उठून बस गाठावी लागे. मेट्रनने बजावलं होतं, चार उशीर झाले की घरी बसा.

एका रविवारी पाळक रंगनाथ साळवे यांनी सांगितलं की, मेजवानीत मानाची जागा धरू नका, शेवटच्या जागी बसा. देवापुढे सगळी माणसं सारखी. उपदेश परिणामकारक ठरला. पुढच्याच रविवारी पंचांचे अध्यक्ष, निवृत्त कर्नल सर्जेराव भालेराव, नवव्या बाकावर आढळले.

"मावशी, तुम्ही पहिल्या बाकावर बसा. आजपासून मी सगळ्यांत लहान."

"पण साहेब, मला साडेदहाला..."

"पुढे बसा म्हटलं ना!"

तारामतीबाई पहिल्या बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला अडकल्या. उठायचं तर पाच जणांचे गुडघे ओलांडून, पाळकांच्या नाकासमोरून. पहिला उशीर झाला.

त्यानंतरच्या रविवारी अमेय गायकवाड, आयटी कंपनीचे व्हाइस प्रेसिडेंट, उपासनेच्या तासभर आधी येऊन नवव्या बाकावर बसले.

"कर्नलसाहेब, तुम्ही आठव्यावर बसा. नम्रतेत सीनियॉरिटी नसते."

"नसते? तुम्ही जयपूरला यायच्या सहा वर्षं आधीपासून मी नम्र आहे!"

वाद विकोपाला गेल्याने नम्र-आसन उपसमिती नेमण्यात आली. नवव्या बाकावर चार नावांच्या पाट्या लागल्या, गाद्या आल्या, कूलरचं तोंड मागे वळलं. पात्रता म्हणून किमान पाच वर्षांचं अधिकारपद ठरलं. कारण ज्याला उतरायला उंचीच नाही, त्याच्या खाली बसण्याला नम्रता म्हणता येत नाही. या गडबडीत उपासना लांबली आणि तारामतीबाई पहिल्या बाकावरच अडकून राहिल्या. दुसरा उशीर.

चौघे एकाच पातळीवर आल्याने अध्यक्षांची कुचंबणा होऊ लागली. पुढच्या खेपेस त्यांनी थेट दारात, चपलांच्या ढिगाशेजारी चटई टाकली. त्या दिवशी तारामतीबाई धीर करून साडेदहाला उठल्या, सगळ्यांच्या नजरा झेलत दाराशी पोचल्या. कर्नल डोळे मिटून प्रार्थनेत.

"साहेब, जरा वाट द्या."

"मावशी," कर्नल एक डोळा उघडून कुजबुजले, "मी उठलो की अमेय बसणार!"

तिसरा उशीर.

उपासना संपल्यावर तारामतीबाईंनी पंचांपुढे हात जोडले. "मला दाराबाहेर उभं राहू द्या. बसत नाही मी. आणखी एक उशीर झाला तर नोकरी जाईल."

उपसमितीने विचार केला. उभा माणूस बसलेल्यांपेक्षा उंच असतो. शिवाय दाराबाहेर म्हणजे अध्यक्षांच्याही मागे.

"मतलब, अध्यक्षांपेक्षा जास्त नम्र?" अमेय म्हणाले. "पात्रता नसताना? हा तर अहंकार झाला."

ठराव मताला टाकला. सगळे हात विनंतीच्या विरोधात वर गेले, पाळकांचा जरा सावकाश.

"बरं," तारामतीबाई पदर खोचत म्हणाल्या, "मग रविवारी मी सरळ ड्युटीलाच जाते. तिथे निदान पेशंट तरी बाजूला सरकतात."

नोकरी वाचली. मंडळीची मात्र पंचाईत झाली. एव्हाना सगळेच मागे सरकले होते आणि पुढचे बाक ओस पडले होते.

"पुढे कुणी नसेल तर आपण मागे कसे?" कर्नलांनी रास्त प्रश्न काढला. प्रत्येक घराने एक लहान माणूस पहिल्या बाकासाठी आणावा, असं ठरलं. घरकाम करणारी बाई, ड्रायव्हर, कुणीही चालेल.

पुढच्या रविवारी कुणीच कुणाला आणलं नाही. कारण सगळ्यांचं एकच होतं: रविवारी घरी पाहुणे असतात, कामाच्या बाईला सुट्टी देऊन कसं चालेल?

पहिला बाक अजून रिकामा आहे. तुमच्याकडच्या बाईंना एकदा विचारून पाहा. मात्र आधी त्यांना तुमच्या घरात बसायला सांगा. आणि कशावर, खुर्चीवर की फरशीवर, ते तुम्हीच ठरवा.